नवले पुलाच्या उतारावर ट्रक का आवरत नाही?

पुणे : कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या महामार्गावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाच्या धडकेने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. या उतारावरील अपघातांमागचे गणित न्यूटनच्या नियमांत सापडते.

उतार किती ओढतो?
समजा, ट्रक ३० टनांचा आहे आणि रस्ता दर ३० मीटरला १ मीटर उतरतो. मग साधारण १ टन वजनाइतके बल त्याला सतत खाली ओढते. रोखणारे बल कमी पडले, की वेग वाढतच जातो. हा दुसरा नियम.

न्यूट्रल धोक्याचे का?
गाडी गिअरमध्ये असताना इंजिनही चाकांना रोखते. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले, की सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि पकड सुटते. इंजिनच बंद केले, तर एअर ब्रेकसाठी नवी हवा भरणेही थांबते.

वेग दुप्पट झाला तर?
ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

धडकेत काय होते?
तिसऱ्या नियमानुसार ट्रक आणि दुचाकी, दोघांवर बल सारखेच. पण स्वारासह दुचाकी २०० किलोची असेल, तर तिच्या वेगातला बदल ट्रकच्या १५० पट असतो.

म्हणूनच उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा.