पीयूसी पास, पण ब्रेकचं काय?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखाच लिहून काढलाय, थोडा साफसूफ करून. बोलताना काही आकडे घाईत निघून गेले होते, ते इथे नीट मांडलेत.

मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा: "सगळ्यात रिलायबल बाइक कोणती?" आणि त्याच्याखाली बहुतेक वेळा एक वाक्य असतं: "माझी तर रोज सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते." आता गंमत अशी की बाइक चालू होणं आणि बाइक रस्त्यावर न्यायच्या लायकीची असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हीला मिळून "रिलायबल" म्हणतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

हे समजून घ्यायला आपण ब्रिटनमध्ये जाऊ. का, तर तिथे दरवर्षी मोटारसायकलची सरकारी नियमांनुसार तपासणी होते आणि निकाल नोंदवून ठेवले जातात. आणि दुसरं कारण आपल्या जवळचं आहे. केटीएमची ३९० ड्यूक आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते आणि २०१३ पासून युरोपातही विकली जाते. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बाइक: एक पुण्यात राहिली, दुसरी बर्मिंगहॅमला गेली. बर्मिंगहॅमवालीला तीन वर्षं पूर्ण झाली की दरवर्षी परीक्षा. पुणेवालीचं रजिस्ट्रेशन खासगी असेल तर ते १५ वर्षं चालतं, आणि तोवर तिच्या टायरला, ब्रेकला, हँडलला सरकारतर्फे कुणी हातही लावत नाही. पंधरा वर्षांनी रिन्यू करताना आरटीओत दाखवायची, मग दर पाच वर्षांनी.

मधल्या काळात आपल्याकडे असते ती पीयूसी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी. पीयूसीत काय बघतात? सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर. बस. आणि ब्रिटनच्या तपासणीत मोटारसायकलचा धूर मशीनवर मोजतच नाहीत! कारचा मोजतात, बाइकचा नाही. म्हणजे त्यांनी जे सोडून दिलंय नेमकं तेवढंच आपण तपासतो. प्रदूषण महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये, हां. पण पीयूसीचा कागद खिशात आहे म्हणजे गाडी "पास" आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं नीट वाचा.

या ब्रिटिश तपासणीला एमओटी म्हणतात. नाव पडलं मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टवरून. ते मंत्रालय त्या नावाने आता नाही, तपासणीला मात्र तेच नाव चिकटलं. १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा दहा वर्षं जुन्या गाड्यांनाच होती. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी सात वर्षांवर आणली, आणि १९६७ पासून तीन वर्षांवर. मोटारसायकलसाठी गॅरेज जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स घेऊ शकतं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे काम डीव्हीएसए नावाच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली चालतं, पण प्रत्यक्ष तपासतात ती परवाना असलेली साधी गॅरेजंच.

या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था बघतच नाहीत. म्हणजे "रिलायबल" म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे येतं, मायलेज, इंजिनचा आवाज, पिकअप, त्यातलं काहीच त्या कागदावर नाही. का? कारण इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहता, वैतागता, ढकलत नेता. ब्रेक गेला तर कडेला उभं राहायचा चान्सच मिळत नाही. इंजिन दगा देताना सांगून देतं: आवाज करतं, ऑइल खातं, गरम होतं. एमओटीत पकडले जाणारे बहुतेक दोष मात्र गुपचूप वाढतात, आणि आपण रोज तीच गाडी चालवत असल्यामुळे रोजच्या थोड्याथोड्या बदलाची सवय होऊन जाते.

मग बाइक नापास कशात होतात? सगळ्यात वरचा नंबर ऐकून हसू येईल: लाइट. हेडलाइट, टेललाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर. बल्ब शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, पण बाइकवर त्याचे हाल असतात. सिंगल सिलिंडर इंजिन सतत थरथरतं, गरम फिलामेंट त्या थरथरीने तुटतं. जोडीला पाणी आणि गंजलेले कॉन्टॅक्ट. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते वायरिंगच्या जोडात जाऊन बसतं. कोकणात, गोव्यात समुद्राच्या हवेत राहणारी बाइक तोच त्रास मीठ न टाकता भोगते.

ब्रेक लाइटचा नियम तर खास बघण्यासारखा आहे. १ एप्रिल १९८६ पासून रस्त्यावर आलेल्या बाइकचा ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकने लागलाच पाहिजे, हाताच्याही आणि पायाच्याही. आपल्याकडे काय होतं? पायाच्या ब्रेकचा स्विच चालू असतो, हाताच्या लिव्हरखालचा छोटा स्विच कधीचा मेलेला असतो. चालवणाऱ्याला ते दिसत नाही, कारण मागचा लाइट त्याच्या पाठीमागे आहे. आणि इमर्जन्सीत तुम्ही पहिल्यांदा काय दाबता? बहुतेक वेळा पुढचा. म्हणजे नेमकं जेव्हा मागच्या ट्रकवाल्याला कळायला हवं तेव्हाच अंधार. रात्री भिंतीला पाठ करून बाइक उभी करा आणि एकेक ब्रेक दाबून भिंतीवर लाल उजेड पडतोय का बघा. अर्धा मिनिट लागतो.

इथे शौकीन मंडळींचा एक दोषही येतो. मागचं मडगार्ड कापून छोटं करायचं, नंबर प्लेट बारीक करून सीटखाली लपवायची, त्या नादात मागचा लाल रिफ्लेक्टर उडवायचा. तिथे रिफ्लेक्टर नाही म्हणूनही नापास. "फक्त रेससाठी" असं कोरलेला सायलेन्सर असेल तरी नापास. आपल्याकडे त्या सायलेन्सरवर रील बनतं, असो.

आता ब्रेक. बाइक रोलरवर चढवतात आणि ब्रेकची ताकद मोजतात. बाइक आणि चालवणारा यांच्या एकूण वजनाच्या प्रमाणात एका ब्रेकने किमान ३० टक्के आणि दुसऱ्याने किमान २५ टक्के जोर दाखवायचा. हे आकडे ऐकून कमी वाटतात ना? आहेतच कमी. हिशोब करू. ताशी ६० च्या स्पीडला फक्त ३० टक्केवाला ब्रेक दाबला तर थांबायला साधारण ४७ मीटर लागतात. दोन्ही मिळून ५५ टक्के धरले तर साधारण २६ मीटर. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, ७० टक्के मिळाले तर २० मीटर. यात तुम्हाला "अरे!" म्हणायला लागलेला वेळ धरलेला नाही. म्हणजे काठावर पास झालेली बाइकसुद्धा काही फार भारी थांबत नाही, आणि तरी काही बाइक या लाइनच्याही खाली निघतात. लायनर झिजलेले, डिस्कचे पॅड संपलेले, नाहीतर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला. शेवटचा प्रकार जास्त चालवलेल्या गाडीपेक्षा उभ्या राहिलेल्या गाडीत जास्त होतो. चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली बाइक "नव्यासारखी" असते असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझा आवडता दोष मात्र कोन सेटचा. हँडल ज्या दोन बेअरिंगवर फिरतं त्याला आपले मेकॅनिक कोन सेट म्हणतात. आपण नव्वद टक्के वेळ सरळच जातो, त्यामुळे बेअरिंगचे बॉल एकाच जागी बसून राहतात आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच जागी खातात. हळूहळू पट्टीवर बारीक खळगे पडतात. मग हँडल मध्यभागी आलं की किंचित अडकतं, जणू तिथे खाच आहे. चालवताना कसं जाणवतं? कमी स्पीडला बाइक सरळ जायलाच मागत नाही, डावी-उजवी डोलते, आणि आपण बिचाऱ्या टायरला नाहीतर रस्त्याला दोष देतो. एमओटीवाला पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो आणि बोटांनी ती खाच शोधतो. मग फोर्क खालून धरून पुढेमागे ओढतो. खडखड लागली तर कोन सेट ढिला. घरी हे दोघांनी करायचं: बाइक मेन स्टँडवर, एकाने मागच्या सीटवर जोर देऊन पुढचं चाक हवेत उचलायचं, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. आपल्या रस्त्यांवर हा दोष किती लवकर येत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

सस्पेन्शनमध्ये शॉकपच्या सीलमधून गळणारं ऑइल आणि चिमट्याच्या बुशमधला खेळ हे नेहमीचे गडी. टायरचं लवकर सांगतो: ५० सीसीच्या वरच्या बाइकला तिथे रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात किमान १ मिलीमीटर नक्षी लागते. आपल्या टायरवरही खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. आणि बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला.

निकालाची पद्धत आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. २० मे २०१८ पासून दोषांचे तीन प्रकार आहेत: धोकादायक, मोठा, किरकोळ. पहिल्या दोनमध्ये नापास. याशिवाय "सूचना" असते: आज चालेल, पण लक्ष ठेवा. अगदी कंपायलरच्या वॉर्निंगसारखं. आणि आपण वॉर्निंगचं काय करतो ते सगळ्यांना माहितीय.

आता डेटाबद्दल, कारण हे सगळे निकाल, गाडीचा नंबर काढून टाकून, २००५ पासूनचे मोफत डाउनलोड करता येतात. मग इंटरनेटवर लोक मॉडेलप्रमाणे टक्केवारी काढतात आणि "ही बघा सगळ्यात रिलायबल बाइक" म्हणून यादी टाकतात. इथे जरा थांबा. पंधरा लाखांची सुपरबाइक वर्षात उन्हाळ्यातल्या काही रविवारी बाहेर निघते, मालक तिला कपड्याने पुसतो. ती पास होणारच. १२५ सीसीची स्कूटर रोज पावसात पिझ्झा वाहते आणि मालक वेगळा, चालवणारा वेगळा. ती नापास झाली तर दोष कंपनीचा की वापराचा? टक्केवारीत ते दिसत नाही. तिथे बाइक कारपेक्षा कमी नापास होतात, त्यामागेही हेच आहे: बऱ्याच जणांसाठी बाइक हा शौक आहे, रोजचं वाहन नाही. आपल्याकडे चित्र बरोबर उलटं. शिवाय तपासणीच्या ठिकाणीच तासाभरात बल्ब बदलला तर त्याचा निकाल वेगळ्या कोडने, पीआरएस म्हणून पडतो. तो पासमध्ये मोजायचा की नापासमध्ये, यावर तुमचा ग्राफ वरखाली होतो. म्हणून मॉडेलची यादी मी बाजूला ठेवतो. दोषांची यादी मात्र सोन्यासारखी आहे, कारण बाइक कुठल्याही कंपनीची असो, बल्ब, लायनर, टायर, बेअरिंग झिजायचे ते झिजतातच.

या सगळ्याचा सर्वात जास्त उपयोग सेकंडहँड घेताना. ब्रिटनमध्ये कुणाच्याही बाइकचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला की दरवर्षीचा निकाल, नापास कशात झाली, सूचना काय होत्या आणि त्या दिवशी मीटर किती होता, सगळं दिसतं. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच पकडला जातो. आपल्याकडे एमपरिवहनवर नंबर टाकला तर रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते कळतं. गाडी कशी आहे ते नाही. तेव्हा समोरचा "सिंगल हँड, टकाटक आहे" म्हणत असताना लाइट, हँडल, शॉकप बघून झालं की चेनपाशी खाली बसा.

चेन एकाच जागी हलवून बघू नका, कारण ती सगळीकडे सारखी ताणली जात नाही. मागचं चाक फिरवत चार-पाच जागी बघा. किती ढिली हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याचदा चिमट्यावरच्या स्टिकरवरही. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर ॲडजस्ट करून काही होणार नाही. मग मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागे चेन बोटांनी धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला, किंवा दात एका बाजूला आकडीसारखे वाकलेले दिसले, तर अख्खं चेन किट गेलंय. किटचा भाव आधी दुकानात विचारून ठेवा आणि तेवढे पैसे वजा करूनच बोलायला सुरुवात करा.