मोयनाक : समुद्र दूर गेलेलं बंदर

उझबेकिस्तानच्या सहली आता महाराष्ट्रातूनही भरपूर निघतात. ताश्कंद, समरकंद, बुखारा, फार तर खिवा, आणि तिथून परत. खिव्याच्या वायव्येला नकाशावर जो मोठा, विरळ वस्तीचा मुलूख दिसतो, तो काराकल्पाकस्तान. हा उझबेकिस्तानातला स्वायत्त प्रदेश आहे. नुकुस ही त्याची राजधानी, आणि तिच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर मोयनाक. गावाच्या वेशीवरच्या जुन्या फलकावर अजून मासा आहे. पाणी मात्र तिथून शंभर किलोमीटरहूनही लांब गेलं आहे.

मोयनाक हे अरल समुद्रावरचं बंदर होतं. नावाला समुद्र असला तरी अरल हे खाऱ्या पाण्याचं सरोवर. १९६० साली त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दुपटीहून जास्त. अमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवत. वर्षाला ४० हजार टनांच्या आसपास मासळी निघे आणि मोयनाकच्या कारखान्यात ती डबाबंद होऊन सोव्हिएत संघभर जाई. मग मॉस्कोने ठरवलं की या वाळवंटात कापूस पिकवायचा. दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांत वळवण्यात आलं. एकटा काराकुम कालवाच १,३०० किलोमीटरहून लांब आहे. बहुतेक कालव्यांना अस्तरीकरण नव्हतं, त्यामुळे शेतात पोचण्याआधीच बरंच पाणी वाळूत मुरून जाई. समुद्र आटणार हे नियोजन करणाऱ्यांना माहीत होतं. कापूस जास्त मोलाचा, असा हिशेब मांडून त्यांनी ते मान्य केलं होतं.

नुकुसहून मोयनाकला जाताना हा हिशेब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो. आधी कालवे, कपाशीची शेतं, मातीची घरं, भट्टीतून काढलेल्या गोल नानचे ढीग. वाटेवरचं कुंग्राद शहर मागे पडलं की शेतं विरळ होत जातात आणि जमिनीवर मीठ फुटलेलं दिसू लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. अति पाण्याने क्षारपड झालेली जमीन त्याने आपल्या शिवारात पाहिलेली असते. इथे ती क्षितिजापर्यंत आहे.

पण मोयनाकला पोचण्याआधी नुकुसमध्ये थांबायलाच हवं. तिथे जगातल्या अत्यंत विलक्षण कलासंग्रहालयांपैकी एक आहे. इगोर साविट्स्की हे कीव्हमध्ये जन्मलेले चित्रकार. १९५० साली प्राचीन ख्वारझम प्रदेशाच्या उत्खनन मोहिमेबरोबर ते इकडे आले आणि या मुलखाच्या प्रेमात पडून इथेच राहिले. सुरुवातीला त्यांनी काराकल्पाक लोकांचे दागिने, विणकाम, तंबूंचे पट्टे गोळा केले. १९६६ मध्ये संग्रहालय उघडलं. पुढे ते मॉस्कोला खेपा घालू लागले. स्टालिनच्या काळात ज्यांची चित्रं निषिद्ध ठरली, जे तुरुंगात किंवा विस्मृतीत गेले, अशा चित्रकारांच्या विधवांकडून, मुलांकडून त्यांनी कॅनव्हास मिळवले. पुष्कळदा पैसे नसत, तेव्हा नंतर देण्याच्या चिठ्ठीवर. गुंडाळ्या बांधून ती चित्रं रेल्वेने वाळवंटात आली. आज रशियन आवाँ-गार्द, म्हणजे प्रयोगशील, चित्रांचा सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियमनंतरचा सर्वांत मोठा संग्रह इथे मानला जातो.

संग्रहालयात एक निळा बैल आहे. लिसेन्को या चित्रकाराचा. त्याचे डोळे म्हणजे दोन काळी, पोकळ वर्तुळं. समोरून पाहिलं की बंदुकीच्या नळ्या आपल्यावर रोखल्यासारख्या वाटतात. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हे चित्र उतरवायला लावलं आणि ते गेल्यावर साविट्स्कींनी पुन्हा टांगलं, असं तिथे सांगतात. नदेझ्दा बोरोवाया या स्त्रीने सोव्हिएत छळछावणीत काढलेली रेखाटनंही त्यांनी नाझी छावणीची म्हणून दाखवून पदरात पाडून घेतली. या खोल्यांमधून फिरताना साविट्स्कींबद्दलचा माझा आदर वाढत गेला. ही चित्रं वाचली, कारण नुकुस मॉस्कोपासून फार दूर होतं.

आणि समुद्र मेला, तोही याच कारणाने. इथला कोळी काय म्हणतो, हे ऐकायला कुणी नव्हतं. अरलमधल्या वोझ्रोझ्देनिया बेटावर सोव्हिएत लष्कराने जैविक अस्त्रांच्या चाचण्या केल्या, त्याही जागा दूर आणि दुर्लक्षित म्हणूनच. दूर असण्याचा असा दुहेरी अर्थ मी दुसऱ्या कुठल्याच प्रदेशात इतक्या उघडपणे पाहिलेला नाही.

मोयनाकमध्ये एका कड्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे. पूर्वी कड्याखाली लाटा होत्या. आता वाळू आहे आणि वाळूत दहा-बारा बोटी ओळीने उभ्या आहेत. बाकीच्या कापून भंगारात गेल्या. ज्या उरल्या, त्या लोकांना पाहता याव्यात म्हणून इथे आणून ठेवल्या आहेत. पायऱ्या उतरून जवळ गेलं की गंज वेगळा दिसतो. तो एकसारखा तपकिरी नसतो. वाऱ्याच्या बाजूचा पत्रा वाळूने घासून गुळगुळीत झालेला, आडोशाच्या बाजूला मात्र निळ्या रंगाचे पापुद्रे अजून धरून आहेत. बोट लावलं की पापुद्रा गळून पडतो. खाली वाकून मूठभर वाळू उचलली तर तिच्यात नखाएवढे पांढरे शिंपले येतात. सावलीत गाई बसलेल्या असतात.

छायाचित्र काढून लोक इथूनच माघारी वळतात, ही फार वाईट सवय आहे. गावातलं छोटं संग्रहालय पाहायला हवं. तिथे बंदराची जुनी छायाचित्रं, जाळी आणि कारखान्यातले मासळीचे डबे मांडले आहेत. तिथे भेटलेल्या एका आजींनी कारखान्यात काम केलं होतं. आमच्या चालकाने त्यांचं बोलणं रशियनमधून मोडक्या इंग्रजीत आणलं. समुद्र एका दिवसात गेला नाही, असं त्या म्हणाल्या. दर वर्षी किनारा थोडा पुढे सरके, बोटींसाठी चर खणत, आणि पुढच्या वर्षी चरही कोरडा पडे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी संपली, पण कारखाना बंद पडू नये म्हणून बाल्टिकसारख्या दूरच्या समुद्रांतली गोठवलेली मासळी रेल्वेने मध्य आशियात आणली गेली. आजींच्या हातांनी इथले आणि बाहेरचे असे दोन्ही मासे डब्यात भरले होते. इथल्या मासळीची चव सांगताना मात्र त्यांना शब्द कमी पडले नाहीत. भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी राज कपूरचं नाव घेतलं आणि पियाल्यात आणखी चहा ओतला.

किनारा गेला, पण त्रास इथेच राहिला. तळाच्या मिठात खतं आणि कीटकनाशकं मिसळलेली आहेत. वारा सुटला की ती धूळ गावावर येते. श्वसनाचे विकार, रक्तक्षय, क्षय हे इथले जुने आजार आहेत. धूळ रोखायला समुद्राच्या तळावर साक्सौल या वाळवंटी झुडपाची मोठी लागवड चालू आहे. उत्तरेला कझाकस्तानने २००५ मध्ये कोक-अरल धरण पूर्ण केलं आणि तिकडच्या लहान अरलमध्ये पाणी आणि मासे परतले. दक्षिणेला तसं झालं नाही. २०१४ मध्ये पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा पडला. कापसासाठी शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांना वेचणीला जुंपण्याची पद्धत तर अलीकडेपर्यंत होती. त्याविरुद्धचा उझबेक कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार मार्च २०२२ मध्ये उठला. मोयनाकमध्ये २०१८ मध्ये स्तिखिया नावाचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सवही सुरू झाला. बोटींजवळ नाचगाणं कशाला, असं आधी वाटलं. पण त्यामुळे तरुण माणसं या गावापर्यंत आली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा मिळतो. ताश्कंदहून नुकुसला विमान आहे, खिव्याहून रस्त्यानेही जाता येतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस बरे. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कडक. खिव्यापर्यंत जाणार असाल तर सहल आयोजकाला सांगून पुढचे दोन दिवस वाढवून घ्या. एक दिवस साविट्स्की संग्रहालयाला द्या. मोयनाकला धावती भेट देऊ नका, गावातल्या घरगुती निवासात रात्र काढा, म्हणजे चार पैसे त्या गावात राहतील. बोटींवर चढू नका. पत्रा आता फार पातळ झाला आहे.