तिथीची पाऊणपट

गुरुवारी चाकण-भोसरीतले कारखाने बंद, की गाड्या काशीद-मुरूडकडे सुटतात. तरण तलावात शिकलेल्याला पाणी तेच वाटतं; पण तलावाला ओहोटी नसते. मुरूडलाच फेब्रुवारी 2016 मध्ये सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले.

कोकणात भरतीचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती साधारण 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. त्यानंतर सहाएक तास पाणी उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढही जास्त.

फुटणाऱ्या लाटांमध्ये एखादा शांत, गढूळ पट्टा दिसला, तर बहुधा तिथूनच पाणी आत खेचलं जातं. नवखे नेमके तिथेच उतरतात! सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. दमलात तर तरंगा, हात उंचावा.