खानेसुमारींतील न मिळालेलीं उत्तरें

महसूल खात्याच्या कारकुनींत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, अशा माझ्यासारख्यास शेतकरी बंधु एक प्रश्न नेहमीं विचारतात. तो असा कीं, गांवांतील चार-दोन घरांनीं माहिती दिली नाहीं, तर सरकारच्या एवढ्या मोठ्या आंकड्यांत असें काय बिघडतें? प्रश्न साधा आहे. परंतु आपल्या हिताचा असल्यामुळें त्याचें उत्तर थोडें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

उत्तरें कमी आल्यानें होणारी हानि दोन प्रकारची असते. पहिली ही कीं, हिशेबांत आलेलीं घरें कमी झाल्यामुळें अंदाज ढिला पडतो. ही हानि जास्त घरें विचारून भरून काढतां येते. दुसरी हानि याहून घातक होय. गप्प राहिलेलीं घरें बोलणाऱ्या घरांसारखींच असतील, तर चिंता नाहीं. पण बहुधा तीं तशीं नसतात. मजुरीसाठीं परगांवीं गेलेलें कुटुंब, एकटी राहणारी वृद्ध विधवा, तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन करणारा गरीब मनुष्य, हींच माणसें मोजदादींतून गळतात. घरीं बसून असलेला सुखवस्तु खातेदार मात्र हटकून सांपडतो.

उदाहरणार्थ, एका गांवांत १०० खातेदार आहेत असें समजूं. पैकीं ४० जणांच्या विहिरी आहेत व ६० जण कोरडवाहू आहेत. विहीरवाल्यांपैकीं ३६ जणांनीं उत्तर दिलें आणि कोरडवाहूंपैकीं ३० जणांनीं. एकूण उत्तरें ६६. त्यांत विहिरी ३६, म्हणजे शेंकडा सुमारें ५५. वस्तुतः गांवांत विहिरी शेंकडा ४० च. या कागदावरून गांव बागाइती ठरेल आणि दुष्काळी मदतीच्या यादींत मागें पडेल. अशींच दहा गांवें घेतलीं, तरी उत्तर शेंकडा ५५ च येणार. मोजणी दसपट वाढली, चूक मात्र जागची हालली नाहीं.

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत रब्बी ज्वारीच्या पीककापणी प्रयोगास मदतनीस म्हणून गेलों होतों. नियमाप्रमाणें निघालेल्या शेताचा मालक ऊसतोडीस गेला होता. चौकशीचा आळस करून आम्ही सडकेलगतच्या, मालक हजर असलेल्या शेतांत १० मीटर लांब व ५ मीटर रुंद चौकट आंखली. तें शेत खतापाण्याचें होतें. उतारा चांगला भरला आणि गांवाची सरासरी वाढली. त्या वर्षीं माळावरच्या लोकांकडे पाहणें मला जड गेलें. धन्याचें शेत पिकलें नाहीं म्हणूनच तो ऊसतोडीस गेला होता, ही गोष्ट तेव्हां माझ्या ध्यानांत आली नाहीं.

हीच गोष्ट एका संपूर्ण देशाच्या बाबतींत घडली आहे. कॅनडांत २००६ सालीं खानेसुमारीची सविस्तर प्रश्नपत्रिका पांच घरांपैकीं एकास दिली होती. ती भरणें कायद्यानें बंधनकारक होतें, आणि उत्तरें शेंकडा ९४ च्या सुमारास आलीं. २०१० सालीं तेथील सरकारनें हें बंधन काढलें. ऐच्छिक पाहणी ही खानेसुमारीची जागा घेऊं शकत नाहीं, असें सांगून मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनीं राजीनामा दिला. २०११ सालीं उणीव भरून निघावी म्हणून सुमारें तीन घरांपैकीं एकास पत्रिका दिली. तरी उत्तरें शेंकडा ६९ च्या आसपासच आलीं. परिणामीं १,१२८ स्थानिक विभागांचे, म्हणजे सुमारें चौथ्या हिश्शाचे, आंकडे विश्वसनीय नाहींत म्हणून प्रसिद्धच झाले नाहींत. त्यांत लहान खेड्यांचा भरणा मोठा होता. २०१६ सालीं बंधन पुन्हा घातलें, तेव्हां उत्तरें शेंकडा ९७ हून अधिक आलीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. हॅन्सन व हर्विट्झ या अमेरिकन पंडितांनीं १९४६ सालीं असें दाखविलें कीं, टपालानें उत्तर न देणाऱ्यांपैकीं कांहीं घरें चिठ्ठीनें निवडून तेथें माणूस समक्ष पाठवावा व त्यांचीं उत्तरें सर्व गप्प घरांच्या वतीनें धरावीं. आपल्या देशांतहि गणनेनंतर फेरतपासणी होते. २०११ च्या खानेसुमारींत हजारीं सुमारें २३ माणसें सुटलीं, असें तींत आढळलें. तथापि हे सर्व उपाय मागाहून घातलेलें ठिगळ होत.

उत्तर दिल्यानें सारा वाढेल किंवा वांटणीचा दावा उभा राहील, अशी भीति पुष्कळांस वाटते. ती निराधार आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ अन्वयें हे कागद कोणासहि पाहण्यास खुले नाहींत व दिवाणी दाव्यांत पुरावा म्हणून चालत नाहींत.

सरकारनें १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें बहुतेक प्रांतांसाठीं १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख ठरविली. सभासदांस विनंति एवढीच कीं, आपलें घर सांगून थांबूं नये. आपल्या मळ्यांतील सालगड्याची खोपी, बांधापलीकडची वस्ती व ऊसतोडीस गेलेल्या शेजाऱ्याचें बंद घर, हींहि प्रगणकास आपण होऊन दाखवावीं.