परग्रहवासी भेटले तर? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

तबकडी उतरते, रणगाडे धावतात, राष्ट्राध्यक्ष दूरचित्रवाणीवर येऊन निवेदन करतात. परग्रहवासीयांच्या पहिल्या भेटीची ही पटकथा चित्रपटांनी आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. खगोलशास्त्रज्ञांची तयारी मात्र निराळ्या प्रसंगाची आहे आणि तिचा पहिला नियम आहे, आपल्याच शोधावर आधी शंका घ्या.

गैरसमज १ : पहिली भेट म्हणजे समोरासमोर गाठ.
वस्तुस्थिती : अधिक शक्यता आहे ती एखादा क्षीण रेडिओ संदेश, दूरच्या ग्रहाच्या वातावरणातला एखादा वायू किंवा मंगळावरच्या खडकातला सूक्ष्मजीवाचा माग सापडण्याची. १९९६ मध्ये असे एकदा वाटलेही होते. अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका अशनीत जीवाणूंचे अवशेष असावेत, असे नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर निवेदनही केले. नंतर त्या खुणांची अजैविक कारणे पुढे आली आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी तो दावा मानला नाही.

गैरसमज २ : संदेश आला, तर सरकारे तो दडपतील.
वस्तुस्थिती : दडपायचा तर आधी तो खरा आहे हे कळायला हवे आणि त्यासाठी दुसऱ्या देशांच्या दुर्बिणींची मदत लागते. एकाच दुर्बिणीला दिसलेल्या संदेशावर कोणी विश्वास ठेवत नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे ठोके सापडले, तेव्हा त्या स्रोताला गमतीने 'हिरवी माणसे' असे नाव पडले होते. तसेच ठोके आकाशाच्या दुसऱ्या भागातूनही मिळाल्यावर तो निसर्गाचाच खेळ, म्हणजे स्पंदक तारा असल्याचे स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही वर्षे चकवणाऱ्या गूढ लहरींचा उगम तर २०१५ मध्ये वेधशाळेतल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये निघाला. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्सिमा ताऱ्याच्या दिशेने टिपलेला एक संदेश तपासणी चालू असतानाच वृत्तपत्रांत फुटला. तोही शेवटी पृथ्वीवरचाच ठरला.

गैरसमज ३ : संयुक्त राष्ट्रांनी यासाठी राजदूत नेमला आहे.
वस्तुस्थिती : २०१० मध्ये मलेशियाच्या खगोलशास्त्रज्ञ मझलान ओथमान यांच्याबद्दल अशी बातमी जगभर पसरली आणि त्यांनी स्वतःच ती नाकारली. असे पद नाही. आहे ती इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉटिक्सने १९८९ मध्ये स्वीकारलेली आणि २०१० मध्ये सुधारलेली एक संहिता. आधी खात्री करा, मग इतर संशोधकांना आणि जगाला सांगा, आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर धाडू नका, असे ती सांगते. पण ती कायदा नव्हे. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. या विषयातली सर्वांत मोठी उणीव हीच.

गैरसमज ४ : संदेश मिळाला की गप्पा सुरू.
वस्तुस्थिती : १६ नोव्हेंबर १९७४ रोजी आरेसिबो दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे सुमारे तीन मिनिटांचा संदेश सोडला गेला. तो गुच्छ साधारण २५ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिथे कोणी असलेच, तर उत्तर यायला ५० हजार वर्षे! गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आणि मराठीतला नमस्कार तबकडीवर कोरून १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने तर या रेडिओ संदेशाहून कितीतरी मंद आहेत. आणि साऱ्या मानवजातीच्या नावाने आरेसिबोचा संदेश धाडताना जगाला कोणी विचारले नव्हते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी तेव्हाच त्यावर आक्षेप घेतला होता.

गैरसमज ५ : धोका फक्त त्यांच्याकडून, आणि बातमी कळताच लोक सैरावैरा धावतील.
वस्तुस्थिती : सूक्ष्मजीवांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना २१ दिवसांच्या विलगीकरणात ठेवले होते. उलट बाजूने, पृथ्वीवरचे जंतू इतरत्र पोहोचू नयेत म्हणूनही काळजी घेतली जाते. इंधन संपत आलेले कॅसिनी यान २०१७ मध्ये मुद्दाम शनीत लोटले गेले, कारण ते एन्सेलॅडस किंवा टायटन या शनीच्या चंद्रांवर आदळू द्यायचे नव्हते. १९६७ चा अंतराळ करारही अशा हानिकारक दूषणाला मनाई करतो.

घबराटीचा पुरावा म्हणून १९३८ च्या अमेरिकेतल्या मंगळवासीयांच्या हल्ल्यावरच्या रेडिओ नाटकाचे उदाहरण हटकून दिले जाते. प्रत्यक्षात त्या रात्रीच्या पाहणीत ते ऐकणारे शंभरात जेमतेम दोन जण निघाले. काही लोक घाबरले हे खरे, पण 'देशभर हलकल्लोळ' मुख्यतः वृत्तपत्रांनी रंगवला.

तेव्हा 'परग्रहावर जीवसृष्टी सापडली' असा मथळा पुन्हा दिसला, की पुढे धाडण्याआधी तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या स्वतंत्र गटाला तेच आढळले का? नैसर्गिक आणि मानवनिर्मित कारणे तपासून बाद केली का? मूळ नोंदी इतरांना पडताळायला खुल्या आहेत का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच ती बातमी. तोवर तो फक्त दावा.