खर्जाची कारागिरी : हस्तनिर्मित उच्च श्रेणीच्या बेस गिटारींचा नाद व स्पर्श यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

तंतुवाद्यांच्या अभ्यासात बेस गिटार हे वाद्य बरेचसे उपेक्षित राहिले आहे. चित्रपटगीत असो, जॅझ असो वा रॉक, श्रोत्याचे लक्ष गायकाकडे आणि वरच्या सप्तकातील वाद्यांकडे असते. खर्जातील हालचाल त्याला जाणवते, पण ती कोणत्या वाद्यातून येते हे त्याला क्वचितच सांगता येते. अशा या पार्श्वभूमीवरच्या वाद्याचे काही नमुने मात्र हजारो डॉलरांना, आणि काही तर दहा हजार डॉलरांच्याही पुढच्या किमतीला विकले जातात. कारखान्यात तयार होणाऱ्या चांगल्या बेस गिटारीच्या कितीतरी पट ही किंमत असते. अमेरिकेत अशा छोट्या कार्यशाळांतील वाद्यांना 'बुटीक' असे विशेषण लावले जाते. या किमतीच्या मोबदल्यात वादकाला नक्की काय मिळते, आणि जे मिळते ते कानाला मिळते की हाताला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. परंतु जाणकाराच्या अनुभवाला ज्ञान म्हणावयाचे किंवा कसे, हा कलाशाखा व विज्ञानशाखा या दोहोंना भेडसावणारा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

दोन परंपरा

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून इ. स. १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. भरीव लाकडी पाटा, त्यावर स्क्रूने जोडलेली मेपलची दांडी, ३४ इंच लांबीच्या चार तारा आणि एक विद्युत्चुंबकीय पिकअप एवढाच त्याचा संसार होता. दांडीला पडदे असल्याने स्वर अचूक लागे. नावातील 'प्रिसिजन' हा शब्द त्यावरूनच आला. इ. स. १९६० मध्ये दोन पिकअप असलेला 'जॅझ बेस' आला. ही दोन्ही वाद्ये कारखान्यातील उत्पादनासाठी आखलेली होती, आणि आजही बेस गिटारीचा नाद म्हटला की बहुतेकांच्या कानात तीच वाजतात. इ. स. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली. त्यानंतरच्या काळातील वाद्यांच्या दर्जाविषयी वादकांत नाराजी वाढत गेली आणि वैयक्तिक कारागिरांना वाव मिळाला.

येथून दोन निराळ्या वाटा फुटलेल्या दिसतात. पहिली वाट 'अलेम्बिक'ची. इ. स. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या ध्वनियंत्रणेच्या कामातून ही संस्था उभी राहिली. रॉन विकरशॅम हे इलेक्ट्रॉनिकीचे जाणकार, तर रिक टर्नर वाद्य घडविणारे. त्यांनी इ. स. १९७२ मध्ये जॅक कॅसडी यांच्यासाठी घडविलेला बेस हा या संपूर्ण परंपरेचा आरंभबिंदू मानला जातो. येथे दांडी पाट्याला जोडलेली नव्हती. ती घोडीच्या पलीकडपर्यंत एकसंध जात होती. पिकअप कमी इम्पीडन्सचे होते आणि वाद्याच्या पोटातच विद्युत्प्रवर्धक बसविला होता. स्टॅन्ली क्लार्क यांच्या वादनामुळे हा नाद सर्वदूर पोहोचला.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. रॉजर सॅडोव्स्की यांनी इ. स. १९७९ मध्ये तेथे दुकान थाटले ते मुख्यतः दुरुस्तीसाठी. ध्वनिमुद्रणाच्या कामात दिवसभर गुंतलेले वादक आपले जुने जॅझ बेस त्यांच्याकडे आणीत. मार्कस मिलर हे त्यांतले सर्वाधिक ज्ञात नाव. सॅडोव्स्कींनी वाद्याची मूळ कल्पना मोडली नाही. त्यांनी पडदे समपातळीत आणले, गुरगुर कमी केली, वजन घटविले, आणि मंद्र व तार भाग उचलणारा लहानसा प्रवर्धक बसविला. या दोन वाटांच्या मधोमध केन स्मिथ आणि इ. स. १९८३ मध्ये ब्रुकलिन येथे व्हिनी फोडेरा व जोई लॉरिसेला यांनी सुरू केलेली 'फोडेरा' या कार्यशाळा येतात.

नादाची जात कोठे ठरते

भारतीय संगीतशास्त्रात नादाची उंची, लहानमोठेपणा आणि जात असे तीन गुण सांगितले जातात. प्रस्तुत तुलना केवळ जातीची आहे. तार छेडली की मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वयंभू स्वरही उमटतात, आणि त्यांच्या परस्पर प्रमाणावर जात ठरते. बेस गिटारीत हे प्रमाण ठरविणारा सर्वांत बलवान घटक म्हणजे पिकअपची जागा. तारेच्या लांबीच्या एकषष्ठांश अंतरावर पिकअप ठेवला, तर मोकळ्या तारेचा सहावा स्वयंभू स्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण त्या स्वराचा निस्पंद नेमका तेथे पडतो. पिकअप घोडीकडे सरकवावा तसा नाद कृश व खणखणीत होतो. दांडीकडे आणावा तसा गोल व भरदार. जॅझ बेसचा घोडीकडील पिकअप १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे एक सेंटिमीटरने घोडीकडे सरकविला गेला. एवढ्याशा बदलाने 'साठीचा नाद' आणि 'सत्तरीचा नाद' अशी दोन घराणी पडली. आजही कारागिराला मागणी नोंदविताना यांतले कोणते हवे ते सांगावे लागते.

अलेम्बिकचा नाद वेगळा का, याचे उत्तरही बव्हंशी विद्युत्मंडलात सापडते. सामान्य पिकअपच्या कुंडलीत तारेचे वेढे पुष्कळ असतात. त्यामुळे वरच्या स्वयंभू स्वरांवर एक उंचवटा येतो आणि त्यापलीकडचे स्वर गळून पडतात. अलेम्बिकच्या पिकअपमध्ये हा उंचवटा ऐकू येणाऱ्या महत्त्वाच्या पट्ट्यातून बराच वर ढकललेला असतो; मग वादक स्वतःच्या पसंतीने फिल्टर फिरवून तो हवा तेथे आणतो. परिणामी नाद स्वच्छ, पियानोच्या खर्जाजवळ जाणारा होतो, आणि बोटाची प्रत्येक चूक त्यात उघडी पडते. सॅडोव्स्कींचे वाद्य याबाबतीत अधिक समंजस आहे. ते इतर वाद्यांच्या गर्दीत आपली जागा स्वतःच शोधते, म्हणूनच ध्वनिमुद्रकांना ते प्रिय आहे. फोडेराच्या वाद्यांत स्वराचा आरंभ तीक्ष्ण आणि मध्य सप्तकाचा भाग पुढे आलेला आढळतो; व्हिक्टर वूटन यांच्या अंगठ्याच्या द्रुत वादनात प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो तो त्यामुळे, अर्थात त्या अंगठ्यामुळेही.

दांडी, ताण आणि मृतस्थाने

तारेचा ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार आणि स्वर तोच ठेवून लांबी ३४ वरून ३५ इंच केली, तर ताण सुमारे ६ टक्के वाढतो. ३६ इंच केली तर सुमारे १२ टक्के. ही वाढ कशासाठी, हे पाचव्या तारेकडे पाहिले की कळते. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर लागते, तर पाच तारांच्या वाद्यातील खालची तार सुमारे ३१ हर्ट्झवर. इतकी जाड तार आखूड वाद्यावर काठीसारखी वागते. तिचे स्वयंभू स्वर आपल्या जागेपेक्षा चढे लागतात आणि कानाला स्वर धूसर वाटतो. लांबी व ताण वाढविल्यास हा दोष कमी होतो. अँथनी जॅक्सन यांच्या आग्रहावरून कार्ल थॉम्पसन यांनी इ. स. १९७५ मध्ये सहा तारांचा बेस घडविला आणि पुढे फोडेराने त्यांच्यासाठी ३६ इंची वाद्ये तयार केली, त्यामागे हाच विचार होता. कॅनडातील शेल्डन डिंगवॉल यांनी पडदे पंख्याप्रमाणे तिरपे मांडून खालच्या तारेला ३७ इंच आणि वरच्या तारेला ३४ इंच अशी स्वतंत्र लांबी दिली. माझ्या मते खालच्या तारेच्या प्रश्नाचे हे सर्वांत सरळ उत्तर आहे, आणि प्रथमदर्शनी विचित्र दिसत असले तरी हाताला ते लवकर रुळते.

मात्र लांबी फुकट मिळत नाही. ३४ इंची वाद्यात पहिला पडदा सुमारे ४८.५ मिलिमीटरवर येतो, ३६ इंची वाद्यात सुमारे ५१.३ मिलिमीटरवर. तीन मिलिमीटरांहून कमी असलेला हा फरक लहान हाताच्या वादकाला तासाभरात मनगटात जाणवतो.

दांडीचा आणखी एक धर्म आहे, आणि तो किंमत पाहत नाही. पुष्कळ बेस गिटारींवर, विशेषतः वरच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, एखादा स्वर लागताच विझतो. वादक त्याला मृतस्थान म्हणतात. जर्मनीतील हेल्मुट फ्लायशर व टिलमान त्स्विकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मोजमापांतून याचे कारण स्पष्ट झाले. दांडीची स्वतःची कंपनवारंवारता त्या स्वराच्या जवळ आली की तारेची ऊर्जा पडद्यावाटे दांडीत निघून जाते आणि स्वराची आस तुटते. भरीव पाट्याच्या वाद्यात लाकडाचा परिणाम कोठे निर्विवाद मोजता येतो, तर तो येथे. यावर उपाय दोन. दांडी इतकी ताठ करावयाची की तिची कंपने वाटेतून बाजूला व्हावीत. निरनिराळ्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून दांडी घडविणारे केन स्मिथ आणि कार्बन तंतूंची वाद्ये घडविणारे नेड स्टाइनबर्गर हे दोघेही या मार्गाचे म्हणता येतील. किंवा मग डोक्याकडील वजन बदलावयाचे. महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत सुतारी शिकंजा गिटारीच्या डोक्याला लावून मृतस्थान एखादा पडदा सरकते का, हे सहज तपासता येईल.

लाकूड, नाव आणि डोळ्यांवरची पट्टी

पाट्याच्या लाकडाविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. ॲश लाकूड खणखणीत, महोगनी ऊबदार, अशी विधाने विक्रेत्यांच्या पत्रकांत सर्रास आढळतात. व्हायोलिनमध्ये लाकडी तबकडी हवेला हलविते, म्हणून तेथे लाकूड हाच ध्वनीचा उगम असतो. येथे पिकअप फक्त पोलादी तारेची हालचाल वाचतो, त्यामुळे पाट्याचा परिणाम अप्रत्यक्ष आणि पिकअपच्या जागेच्या तुलनेत अल्पच असणार. ज्या झाडांवर ही भाषा उभी आहे त्यांची स्थितीही बिकट आहे. ॲशच्या झाडांवर पडलेल्या किडीमुळे फेंडर कंपनीने इ. स. २०२० मध्ये त्याचा वापर मर्यादित केला. फिंगरबोर्डसाठी जगभर वापरली जाणारी शिसव, जी आपल्या सह्याद्रीतही वाढते, तिच्या संपूर्ण प्रजातीवर इ. स. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून इ. स. २०१९ मध्ये सूट मिळाली.

मग जाणकारांचा अनुभव खोटा का? या संदर्भात क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांचा इ. स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हायोलिनवरील प्रयोग उद्बोधक आहे. एकवीस वादकांना, डोळ्यांवर वाद्य ओळखू येणार नाही असे गडद चष्मे चढवून, तीन नवी आणि तीन जुनी विख्यात इटालियन वाद्ये वाजवावयास दिली. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारियसला. या प्रयोगाचा अर्थ 'सर्व वाद्ये सारखीच' असा काढणे चुकीचे ठरेल. वादकांना ठाम आवडीनिवडी होत्याच; फक्त त्या नाव आणि वय यांना अनुसरत नव्हत्या. बेस गिटारीच्या तुलनेतही हीच दक्षता आवश्यक आहे. दोन्ही वाद्यांवर एकाच जातीच्या, एकाच वयाच्या तारा हव्यात, कारण नव्या व जुन्या तारांतील फरक दोन कारागिरांतील फरकाहून सहज मोठा भरतो. ध्वनीची पातळी समान हवी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. तारांची पडद्यांपासूनची उंचीही समान हवी.

या साऱ्या अटी पाळल्यावर पडद्याआडून ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही, असा माझा कयास आहे. वाजविणाऱ्याच्या हाती मात्र बरेच उरते. मायकल टोबायस यांच्या वाद्यांची दांडी असममित असते. अंगठ्याच्या बाजूने ती निराळी आणि बोटांच्या बाजूने निराळी कोरलेली असते. श्रोत्याला याचा काहीच पत्ता लागत नाही. पण थकवा उशिरा येतो, डावा हात निःशंक होतो, आणि निःशंक हात वेगळे वाजवितो. तेव्हा स्पर्शाचा परिणाम नादावर होतो, पण तो वादकाच्या शरीरावाटे. ध्वनिलेखाच्या आलेखात त्याचा शोध घेणारे संशोधन म्हणूनच रिकाम्या हाताने परतते.

शब्दांची अडचण

या वाद्यांचे वर्णन करणारी इंग्रजी परिभाषा फारच सैल आहे. ऊब, घट्टपणा, गुरगुर हे शब्द प्रत्येक जण आपल्या परीने वापरतो. आपल्याकडे याहून नेमका शब्द उपलब्ध आहे. पडदेविरहित बेसवर तार फिंगरबोर्डला निसटती स्पर्श करीत कंप पावते आणि स्वर लागल्यावर उमलत जातो. जॅको पास्टोरियस यांनी आपल्या जॅझ बेसचे पडदे काढून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कठीण थर दिला, तो बोर्ड झिजू नये म्हणून. त्या थराने हा उमलता स्वर अधिकच स्पष्ट झाला. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार अशीच घासून जाते. या घोडीच्या कार्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी इ. स. १९२१ मध्येच भौतिकीचे लक्ष वेधले होते. मिरजेचा कारागीर त्याला जवारी म्हणतो, आणि ती खुली ठेवावी की बंद हे गायकाला विचारून घोडी घासतो. दोन पडदेविरहित बेस गिटारींतील जो फरक सांगताना इंग्रजी लेखकाला तीनचार विशेषणे खर्ची घालावी लागतात, तो 'याची जवारी खुली, त्याची बंद' एवढ्यात सांगता येतो. शिवाय त्या शब्दांमागे घोडीचा किंवा फिंगरबोर्डचा नेमका उतार असतो, आणि तो मोजता येतो.