जास्तीचा ठोका उठला कुठून?

छातीत ठोका चुकल्यासारखा वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा तो चुकलेला नसतो. पुढचा ठोका वेळेआधी पडलेला असतो. नेहमीचा ठोका उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून निघतो आणि खास वाहक तंतूंवरून दोन्ही खालच्या कप्प्यांत जवळजवळ एकदमच पोचतो. म्हणून ईसीजीवर त्याची मुख्य लहर अरुंद असते, दोन-अडीच छोट्या चौकटींची. जास्तीचा ठोका खालच्या कप्प्यातूनच उठला, तर वीज स्नायूतून हळूहळू पसरते. लहर साधारण तीन चौकटी किंवा त्याहून रुंद होते, वेडीवाकडी दिसते. पत्ता सापडतो तो या वेडेवाकडेपणातूनच.

नियम एकच आहे. वीज एखाद्या लीडच्या दिशेने आली की रेघ वर जाते, दूर गेली की खाली. बारा लीड म्हणजे बारा बाजूंनी पाहणं.

आधी व्ही-१ बघायचा. हा इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत असतो. तिथे लहर वर असेल तर वीज मागून, डावीकडून आली. उगम डाव्या कप्प्यात. खाली असेल तर उजवा कप्पा, किंवा मधला पडदा. मग लीड २, ३ आणि एव्हीएफ. हे खालून पाहतात, त्यामुळे तिन्हींत उंच लहर असेल तर ठोका वरच्या भागातून, रक्तवाहिन्यांच्या तोंडाजवळून निघाला.

इथेच खरी पंचाईत होते. धडधाकट हृदयातले असे ठोके बहुधा उजव्या कप्प्याच्या याच बाहेर जाणाऱ्या वाटेवरून येतात, आणि डाव्या कप्प्याची वाट तिला मागून अगदी चिकटून असते. मग छातीवरच्या लीडांत खालची लहर कुठे वर वळते ते पाहायचं. व्ही-४ किंवा त्यापुढे वळली तर बहुधा उजवी, व्ही-२पर्यंतच वळली तर बहुधा डावी. व्ही-३वर वळली तर त्याच माणसाचा साधा ठोका शेजारी ठेवून ताडून पाहायचा, कारण प्रत्येकाच्या छातीत हृदय थोडं वेगळं वळलेलं असतं. जास्तीचा ठोका साध्या ठोक्यापेक्षा उशिरा वळत असेल, तर उगम उजवीकडचा. अर्थात व्ही-१, व्ही-२ घाईत एक फट वर चिकटवले असतील, तर हा सगळा हिशेब फसतो. ते नेमके लावणाऱ्या तंत्रज्ञाला श्रेय फारसं मिळत नाही.

कागद गल्ली दाखवतो, घर नाही. ॲब्लेशन, म्हणजे उगमाची जागा निकामी करायचं ठरलं तर जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर हृदयात नेतात आणि संशयित जागी बारीक विद्युत झटके देऊन कृत्रिम ठोका उठवतात. त्याचा ईसीजी बाराही लीडांत मूळ ठोक्याशी जुळतो का, ते पाहतात. जुळला नाही, तर टोक थोडं सरकवून पुन्हा झटका देतात.